आगाशीहून अर्नाळ्याला, सुट्टीवर

मंडळी, आज सकाळी मी इथे समुद्राचा फोटो टाकला. वाळत घातलेले बोंबील मुद्दाम फ्रेमबाहेर ठेवले आणि जागेचं नावही लिहिलं नाही. तासाभरात "वा, गोवा का?", "कोणाबरोबर?" सुरू झालं. मी लिहिलं, अर्नाळा. एकटीच आलेय, दोन दिवस राहणार आहे.

मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "आगाशीहून अर्नाळा? ही सुट्टी की मासळीबाजार?"

खरंच आहे, घरून बसने थोडाच वेळ लागतो. पण आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्या घरात आता रविवार कधी येतो तेही कळत नाही, हे कमेंटमध्ये कसं लिहायचं?

फोन पर्समध्ये टाकला आणि किनाऱ्यावर जाऊन बसले. बाजूला बोंबील राखत बसलेल्या एका कोळीण मावशींनी विचारलं, "घर कुठं तुझं?"

"आगाशीला."

वाटलं, आता याही हसणार.

"घरी वाट बघायला कोन हाय?"

"कोणी नाही."

"मग बस इथं. मी जेवून येते. कावळे हाकत राहा." आणि काठी माझ्या हातात दिली.

तासभर मी कावळे हाकले. एकाही बोंबलाला चोच लागू दिली नाही. मावशी आल्या, सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "उद्या पन ये याच वेळेला."

दोन वर्षांत मला "उद्या ये" असं कोणी म्हटलं नव्हतं. तुम्हीच सांगा, यासाठी मी आणखी किती लांब जायला हवं होतं?