चौकोन वाढणाऱ्या मॅडम

"कायले?"

आमच्या मॅडमना काहीही मागा, पहिलं उत्तर हेच, म्हणजे 'कशाला?' चष्मा कपाळावर सरकवायच्या, खुर्ची अर्धी वळवायच्या आणि विचारायच्या, "कायले?" रागानं नाही हो. भाजीवाली मेथी देताना 'किती?' विचारते ना, तसं. पण भल्याभल्यांची गाडी तिथंच अडकायची. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेलच, बघा आठवून.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या शाळा मानोऱ्याला, कामरगावला, इंझोरीला. मुख्य कार्यालय कारंज्याला. सगळ्यांना मिळून एकच पोर्टल. नाव-पासवर्ड टाकला की पडद्यावर रंगीत चौकोन येतात: हजेरी, रजा, गुण, सूचना, वसतिगृह, असे कितीतरी. कोणाला कोणता चौकोन दिसायचा आणि कोणता नाही, हे मॅडमच्या हातात. पदानं क्लार्क, पण आम्हा मास्तर लोकांना अध्यक्षांपेक्षा त्यांचाच धाक जास्त.

पूर्वी असं नव्हतं. सगळ्यांना सगळं दिसायचं आणि सगळे सगळं दाबायचे. कामरगावचे खेळाचे सर एकदा स्वतःपुरती नोंद करायला गेले नि त्यांनी भलताच चौकोन दाबला. झालं! संस्थेच्या प्रत्येक शाळेत सूचना झळकली, 'संध्याकाळी वांगे व कोथिंबीर नेणे. विसरू नये.' इंझोरीच्या हेडमास्तरांनी तर 'किती किलो?' असं विचारून घेतलं. वरून आलेला आदेश म्हटल्यावर माणूस बिचारा काय करणार! त्याच आठवड्यात सचिवसाहेबांनी पोर्टल मॅडमच्या ताब्यात दिलं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. पंगतीत ज्याला जे लागतं ते वाढावं. "अख्खं पातेलं पुढ्यात ठेवलं त माणूस जेवत नाही, भेते," असं त्या म्हणायच्या.

आमच्या संगीताच्या सरांना त्यांनी दोनच चौकोन ठेवले होते, हजेरी आणि रजा. सर खूश. मग कोणीतरी चहाच्या टपरीवर त्यांना सांगितलं की बाकीच्यांना सहा दिसतात. सरांचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी बस धरून कारंजा गाठलं आणि माझा अपमान झाला म्हणून बसून राहिले. मॅडमनी वाद घातला नाही, शिक्षकांचे होते नव्हते तेवढे सगळे चौकोन वाढून दिले. आठवडाही गेला नसेल, सर पुन्हा त्याच बसमध्ये! "काढून घ्या जी," म्हणाले, "मले माही हजेरीच सापडून नाही राह्यली."

मीही एकदा हात पोळून घेतला होता. वसतिगृहाचा चौकोन मागितला. 'कायले?' असं आलंच. असू द्या, कधी कामी पडेल, असं मी म्हणालो. "कामी पडन तवा मांगजा," म्हणाल्या आणि चष्मा खाली आला. मला रागच आला होता. एवढा कसला भाव खातात, असं घरी येऊन बायकोलाही बोललो.

कामी पडलाच. दसरा झाला की आमच्या मानोऱ्याच्या आसपासच्या तांड्यांवर ऊसतोडीचे ट्रक लागतात. आमच्या नववीतली निकिता दुपारच्या सुट्टीत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मागं तिचे वडील. ट्रक सकाळी निघणार होता. पोरीला वसतिगृहात जागा मिळाली तर ठेवून जाऊ, नाहीतर न्यावीच लागेल, तांड्यावर एकटी कोणाच्या भरवशावर ठेवू, असं ते म्हणत होते. चूक काय होतं त्यात? एकदा ट्रकमध्ये चढलेली पोर पुन्हा बाकावर बसत नाही, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

जागा होती. पण पोर्टलवर नाव चढल्याशिवाय वसतिगृहाच्या बाई पलंग देत नाहीत, आणि तो चौकोन फक्त हेडमास्तरांना. हेडमास्तर गेलेले नात्यातल्या लग्नाला, फोन बंद. मी मॅडमना फोन लावला.

"कायले?"

या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, पोरीला फोन द्या. निकितानं फोन कानाला लावला, ऐकलं आणि एवढंच बोलली, "मले इथंच राहाचं हाये जी."

मी पान पुन्हा उघडलं. चौकोन आलेला होता. नाव चढलं, पलंग मिळाला. सकाळी ट्रक गेला आणि निकिता प्रार्थनेच्या रांगेत उभी होती.

सचिवसाहेबांनी मॅडमना बोलावून घेतलंच. हेडमास्तरांचा चौकोन साध्या शिक्षकाला दिलाच कसा? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हेडमास्तर रजेवर होते साहेब. ट्रक रजेवर नव्हता." साहेबांनी विषय बदलला.

नाव चढवायचा तो चौकोन त्यांनी माझ्याकडून त्याच संध्याकाळी काढून घेतला, नियम म्हणजे नियम. पण त्या जागी दुसरा वाढला, वसतिगृहाच्या हजेरीचा. नाव चढवलं ना, आता रोज सांभाळा, असं त्यांचं म्हणणं. एका संध्याकाळी मला उशीर झाला, तर फोन वाजला, हजेरी कुठं आहे म्हणून. तेव्हा कळलं की मॅडम रोज बघतात.

हिवाळ्यात त्या निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाल्यावर पुन्हा खुर्चीत बसल्या आणि स्वतःचेच चौकोन एकेक करून काढू लागल्या. शेवटी वसतिगृहाची हजेरी उरली. तिथं हात थांबला.

"हा एक राहू द्या जी," मी म्हणालो.

चष्मा कपाळावर गेला. "कायले?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम, त्यांनी तोही काढून टाकला.

आता त्या अकोल्याला लेकाकडे असतात. नवीन ऑपरेटर उदार आहे, मागाल तो चौकोन देतो, विचारत काही नाही. माझा पडदा गच्च भरलाय आणि हजेरी शोधायलाच वेळ लागतो. तसाच काल उशीर झाला. दिवाबत्तीच्या वेळी मी वसतिगृहातच होतो, फोन वाजला. मॅडम होत्या. मला मस्करीची लहर आली. म्हणालो, "कायले केला जी फोन?"

पलीकडून हळूच आवाज आला, "मले आता हजेरी दिसत नाही ना सर. पोरगी हाये ना?"

"हाये," मी म्हणालो. "जेवून राह्यली."