मोटवानी अंकलची बॅकअप फ्लॉपी

"बेटा, फिर वही," मोटवानी अंकल फोनवर म्हणाले. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते; त्यांचा बंद पडायची ही महिन्यातली तिसरी वेळ. अंबरनाथहून रिक्षानं उल्हासनगर कॅम्प पाचला पोचेपर्यंत माझं डोकं तापलं होतं.

रिटायर झाल्यापासून अंकल थॅलेसेमियाच्या मुलांसाठी रक्तदाते जमवायचे. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. कोणाचा ग्रुप कोणता, फोन काय, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर. आणि तो सुरूच होत नव्हता. बाकावर एका मुलीची आई बसली होती. मुलीला आजच बी निगेटिव्ह हवं होतं.

"पुन्हा व्हायरस! कोणाची फ्लॉपी घातली?" मी जवळजवळ ओरडलेच.

"किसी की नहीं. कसम से."

हे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. मी माझ्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करून सफाईला लागले. अंकल थांबले नाहीत. डोळे मिटून एकेक नंबर आठवायचे आणि फिरवायचे. चौथा लागला. खरवईचे जाधव, कारखान्यात फिटर. "सुपरवायझरला सांगून लगेच निघतो," म्हणाले. ती बाई तेव्हा पहिल्यांदा पाणी प्यायली.

व्हायरस निघाला. मी म्हटलं, "आता रोज करता तसंच सुरू करून दाखवा."

त्यांनी ड्रॉवरमधून बॅकअपची फ्लॉपी काढून घातली आणि स्विच दाबला. पडद्यावर एरर.

"हे काय?"

"ये तो रोज आता है. रात को बॅकअप लेके फ्लॉपी अंदरही रहती है. सुबह ये आया तो निकाल के फिर बटन दबाता हूँ, चालू हो जाता है."

मी कपाळावर हात मारला. फ्लॉपी आत असली की कॉम्प्युटर सुरू होताना आधी तिचाच पहिला भाग वाचतो. व्हायरस तिथेच बसला होता. एरर दिसेपर्यंत तो हार्ड डिस्कवर उतरलेलाही असायचा. 'हिच्यात नुसती यादी आहे' म्हणून आधीच्या दोन्ही वेळा ती फ्लॉपी मी तपासलीच नव्हती.

"अंकल, फ्लॉपी काढून ठेवायची ना!"

"बेटा, आपने बोला रोज बॅकअप लो. निकालने का नहीं बोला."

मी फ्लॉपी साफ केली, हार्ड डिस्क पुन्हा साफ केली. जाधव दुपारी आले, मुलीला रक्त मिळालं.

तेव्हापासून काय करायचं एवढंच सांगून मी उठत नाही. झाल्यावर काय करायचं तेही सांगते, आणि गिऱ्हाइकाकडून समोर एकदा करून घेते.