पन्नास जादा मतं

पेणला ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेलं निवडणुकीचं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. त्यात गुन्हेगार कोणीच नव्हता, पण शिक्षा एका बाईंना झाली.

मतदान संपलं त्या संध्याकाळी रामवाडीतून एकाचा फोन आला. "साहेब, जोह्याकडच्या केंद्रावर मशीनमध्ये पन्नास मतं जादा निघालीत. लोकांनी बाईंना कोंडलंय." बाई म्हणजे केंद्राध्यक्ष, रोह्याकडच्या एका शाळेतल्या शिक्षिका. जमावातून त्यांना बंदोबस्तात ठाण्यात आणलं, तर जमाव ठाण्याबाहेर येऊन ओरडू लागला.

पन्नास ऐकताच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. मतदानाआधी पक्षांच्या एजंटांसमोर पन्नास चाचणी मतं टाकतात, मग बटण दाबून ती पुसतात आणि एजंट सह्या करतात.

"बाई, ती पुसलीत का?"

"पुसली साहेब. सह्या आहेत ना."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. खोटं बोलत नव्हत्या. अंगवळणी पडलेलं काम न करताही माणूस केल्याची शपथ घेतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलंय.

एजंटांचे जबाब सुरू केले. तिसऱ्या दिवशी आला तो गणपतीच्या कारखान्यातला रंगारी, बाहेर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. म्हटलं, "बाईंवर गुन्हा दाखल करतोय. कागदावर सही तुझीपण आहे." त्याचा चेहरा उतरला.

"बटण दाबलंच नाय साहेब. निवडणूक बघायला ते परदेशी पाव्हणे त्याच वक्ताला आले. बाई उठून त्यांना मशीन दाखवाय लागल्या. आमी बी त्यांच्याकडंच बघत व्हतो. मग घाईत सह्या केल्या."

"मग तीन दिवस गप्प का?"

"आमचा मानूस पडनार व्हता. बोंब मारायला बरं झालं."

त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. निवडणूक अधिकाऱ्यांनी प्रत्येक मतामागे मशीनमधून पडणाऱ्या छापील चिठ्ठ्या मोजल्या. चाचणीच्या पन्नास वेगळ्या पाकिटात होत्या, बाकीच्या चिठ्ठ्या मतदारांच्या नोंदीशी तंतोतंत जुळल्या. बाईंना हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली, प्रकरण बंद झालं. पाहुणे तर केव्हाच सगळं पारदर्शक असल्याचं सांगून गेले होते. पेपरात ते वाचून लोक हसले.

मी मात्र त्या तीन दिवसांत जमावाला एक शब्द सांगितला नव्हता. चौकशी संपेपर्यंत बोलायचं नाही, असा वरून आदेश होता आणि मी नोकरी सांभाळली. तेवढ्यात 'मतं घुसवणारी बाई' हा व्हिडिओ रोह्यापर्यंत फिरला.

पुढच्या निवडणुकीच्या दिवशी रोह्याच्या बाजारात बाई भेटल्या. बोटावर शाई नव्हती.

"मतदान नाही केलंत?"

"रांगेत लोक बघतात, साहेब. कुजबुजतात."

"तुम्ही काही लबाडी केली नाहीत, असं अहवालात आहे, बाई."

"तो कोण वाचतं?" म्हणाल्या आणि भाजीची पिशवी घेऊन निघून गेल्या.

लोकांच्या मनात शंका आली, की खरं काय ते त्याच दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं लागतं. ही अक्कल मला फार उशिरा आली. 'पन्नास हा चाचणी मतांचाच आकडा आहे. चिठ्ठ्या मोजून खात्री करू,' एवढी दोन वाक्यं मी ठाण्याच्या पायरीवर येऊन बोललो असतो, तर पुढच्या मतदानाला बाई रांगेत उभ्या असत्या.