एकतीस नंबरचा आवाज

तारमावशीचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. विद्यापीठाच्या सिग्नल प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होती. त्याच मजल्यावर विभागाच्या कार्यालयात मी कारकून होतो. एखाद्या यंत्रातून नको ती गुणगुण यायला लागली की तिला बोलावणं जायचं. ती डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, "पंखा नाही हा, ट्यूबलाइट आहे." ती बंद केली की गुणगुण थांबायची. मोठमोठ्या पदव्यांची माणसं त्या वेळी आपल्या बुटांकडे बघत उभी असायची.

बोलायला ती फटकळ होती. सहा महिने एकच सर्किट जाळणाऱ्या संशोधकाला तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तू आता कविता कर." पण हाताने अशी की तिने जोडलेली तार कधी सुटली नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. रोबोटिक्सच्या सरांना मोठा प्रकल्प मिळाला होता. ग्राहकांच्या वागणुकीचा अभ्यास करणारा शेजारचा विभागही त्यात होता. दुकानात वयस्कर माणसांना वस्तू सापडत नाहीत, लेबलं वाचता येत नाहीत, तर त्यांच्या मदतीला एक रोबो उभा करायचा, असं सरांनी सांगितलं. सर अतिशय मऊ बोलायचे. समोरच्याला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठीच सकाळी उठला असावा.

तळघरात एक खोटं दुकान मांडलं. लोखंडी मांडण्या, साबण, बिस्किटं, डबे, एक थंड कपाट. रोबो कमरेएवढा, पांढरा, गोल तोंडाचा. त्याला आम्ही सगळे गोडबोल्या म्हणायचो. त्याची मान मावशीने घडवली. सरांना ती ऐकताना बरोबर अकरा अंश कलायला हवी होती, आणि झटका न बसता. तीन आठवडे ती त्या मानेमागे होती. शेवटी मान अशी कलली की बघणाऱ्याला आपलंही मन मोकळं करावंसं वाटलं. मावशीने मला मुद्दाम खाली नेऊन दाखवलं. "बघ, सख्ख्या बहिणीने ऐकावं तसं ऐकतो की नाही!" त्या दिवशी ती फार खुशीत होती.

प्रयोगाला वयस्कर माणसं यायची, प्रत्येकाला एक नंबर. मावशी त्यांच्या बोटांना घाम मोजणारे चिमटे लावायची, छातीवर ठोके मोजणारी पट्टी बांधायची. गोडबोल्याच्या छातीत मायक्रोफोन होता. थंड कपाटाची घरघर त्यात शिरायची, ती वेगळी काढून फक्त माणसाचा आवाज ठेवायचं कामही तिचंच. दुकानात सगळ्यांना सारखीच खोटी कुपनं मिळायची. त्यावर हवं ते घ्या आणि घरी न्या.

एकतीस नंबरचे काका एका सकाळी आले. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, जुन्या वळणाचे. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. गोडबोल्या त्यांच्याजवळ सरकला, मान कलती केली आणि म्हणाला, "आज कसे आहात? घरी कोण कोण असतं?"

काका थबकले. "मी असतो. आणि... कुत्रा."

"अरे वा! काय नाव त्याचं?"

काकांनी नाव सांगितलं. सांगताना आवाज जरा चिरकला.

"त्याला आज काय न्यायचं?"

काकांनी कुत्र्याच्या बिस्किटांचे तीन डबे उचलले. मग गोडबोल्याच्या सांगण्यावरून चौथाही उचलला.

चिमटे काढताना ते मावशीजवळ वाकले. "ताई, हे परत ठेवता येतील का? कुत्रा गेला हो माझा. गेल्या थंडीतच गेला."

"मग घेतलेत कशाला?"

"ते इतक्या आपुलकीने विचारत होतं. गेला म्हणून सांगायचं जिवावर आलं."

मावशीने डबे मांडणीवर ठेवले, काकांना दारापर्यंत सोडलं आणि ती मागच्या काचेच्या खोलीत गेली. सर पडद्यासमोर बसून हसत होते.

"मावशी, या, या! एकतीस नंबर बघा. काय देखणा आलेख आलाय!"

पडद्यावर दोन रेषा होत्या. एक वर चढत गेली होती आणि तिच्या मागोमाग दुसरी. दुसरी कशाची, ते मावशीला लगेच कळलं. डबे. पहिली कशाची, ते तिने विचारलं.

"एकटेपणाची. आवाजातली थरथर, दोन शब्दांमधली थांबणी, उत्तर द्यायला लागणारा वेळ, असं सगळं मिळून. रेषा एका मर्यादेपलीकडे गेली की रोबो आपोआप जवळिकीचं बोलायला लागतो. मग खरेदी बघा कशी चढते! तुम्ही आवाज इतका स्वच्छ काढून दिलात म्हणून हे दिसलं."

"म्हणजे एकटा माणूस हेरायचा आणि त्याच्या गळ्यात माल मारायचा?"

"मावशी, तुम्ही फार सरळसोट बोलता. आम्ही त्याला प्रतिसादक्षम गट म्हणतो."

मावशीच्या बोटांना चिमट्यांखाली लावायचा चिकट जेल होता. ती नळावर गेली. मी फाईल घेऊन खाली आलो तेव्हाही ती हातच धूत होती. साबण संपला तरी चोळत होती. "चार डबे, मेलेल्या कुत्र्यासाठी," असं ती मला म्हणाली. मला काही कळलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी तिचा डबा न उघडताच घरी गेला.

तिचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. माणूस शांत. तिने घरी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझं काम तार जोडायचं. पुढचं त्यांनी बघावं."

"अहो, तार माणसाला जोडली मी. माणसाला."

दुसऱ्या दिवशी तिच्या तक्रार अर्जातलं शुद्धलेखन त्यांनीच तपासून दिलं.

अर्ज संशोधनाची नीतिमत्ता बघणाऱ्या समितीकडे गेला. समितीत पाच जण, आणि इतिवृत्त लिहायला मी. गुबगुबीत खुर्च्या, चहा, क्रीमची बिस्किटं. अध्यक्षांनी सहमतीपत्र उलटून पाहिलं. त्यावर 'दुकानातील सेवेचा अभ्यास' असं छापलं होतं आणि खाली सह्या होत्या.

"सह्या आहेत ना? मग झालं तर."

"त्यांना आवाजाचं कुणी सांगितलं नाही," मावशी म्हणाली.

एका सदस्याने बिस्किटाचं क्रीम आधी चाटून घेतलं आणि मग विचारलं, "आपण संशोधक आहात का?"

"नाही. मी तारा जोडते."

त्यावर कुणी हसलं नाही, पण सगळे एकदम सैल झाले. मी लिहिलं, 'तंत्रज्ञांच्या भावनांची नोंद घेण्यात आली.' सहीसाठी कागद तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिने ते वाक्य दोनदा वाचलं.

"भावना? अरे, मला ओकारी आली. तसं लिही."

मी तसं लिहिलं नाही. माझी नोकरी, माझी बढती, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. तिने सही न करताच कागद परत दिला, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

चार दिवसांनी सर तिच्या टेबलापाशी आले. हातात अजून न छापलेल्या शोधनिबंधाचा मसुदा. लेखकांच्या यादीत चौथ्या जागी मावशीचं नाव, अगदी पगारपत्रकावर होतं तसं पूर्ण. सव्वीस वर्षांत ती फक्त शेवटच्या पानावर 'तांत्रिक साहाय्यकांचे आभार' या ओळीत सापडायची, तीही बिननावाची. मी समोरच होतो. तिने त्या नावावरून बोट फिरवलं. तिला ते हवं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते सरांनाही दिसत होतं. ते मान कलती करून उभे होते.

"काढा," ती म्हणाली.

"विचार करा, मावशी."

"केला. काढा. आणि मान सरळ करा आधी."

मग तिने एक काम केलं, जे आमच्यापैकी कुणीच केलं नव्हतं. सहमतीपत्र शेवटपर्यंत वाचलं. नवव्या कलमात लिहिलं होतं की, भाग घेणाऱ्याला आपली माहिती निबंध छापून येईपर्यंत केव्हाही मागे घेता येईल, आणि काही शंका असल्यास खालील क्रमांकावर संपर्क साधावा. क्रमांक प्रयोगशाळेचा होता. म्हाताऱ्यांचे फोन आपल्याला नकोत म्हणून सरांनीच तो घातला होता. त्या फोनजवळ सव्वीस वर्षं मावशी बसत आली होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा ते एक ती फोन करायला लागली. बेचाळीस माणसं. प्रत्येकाला तेच सांगायची, "तुमच्या आवाजावरून तुम्ही किती एकटे आहात ते मोजलं आणि त्याप्रमाणे रोबो बोलला. माहिती मागे घ्यायची असेल तर दोन ओळी लिहून द्या." कुणी चिडलं, कुणी समजूनच घेईना. एक आजी ओरडल्या ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं, "मेल्याने माझ्याकडून सुनेबद्दल सगळं काढून घेतलं! आणि वर सहा साबण दिले!"

पत्रं यायला लागली. ती माझ्या टेबलावर यायची. एकही पत्र मी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं नाही, आलं की लगेच शिक्का मारून नोंदवलं. माझ्या हातून तेवढंच झालं.

एकतीस नंबरचे काका फोन उचलेनात. तेव्हा मावशी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेली. दुसरा मजला, एकच खोली, भिंतीवर घड्याळं. तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं, डब्यांचंही. काकांनी मान खाली घालून ऐकलं.

"माझं राहू द्या," ते म्हणाले.

"काका, अहो, तुम्ही एकटे आहात हे ओळखून त्यांनी तुम्हाला..."

"ओळखलं ना पण? इथे जिन्यात कुणाला अजून कळलेलं नाही." आणि मग जरा संकोचून, "पुन्हा कधी बोलावणार आहेत?"

मावशी तशीच उठून जिना उतरली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सरांचा राग येतो, तो बरा. काकांनी तसं विचारलं तेव्हा मला सगळ्या जगाची किळस आली. माझीही. ती मान मी केली."

सव्वीस जणांनी माहिती मागे घेतली. उरलेल्या सोळांवर निबंध उभा राहीना. सर त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, आणि त्यांचा खरा आवाज किती चिरका आहे ते सगळ्या मजल्याला कळलं. पण ते काही थांबले नाहीत. दुसऱ्या संस्थेत त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, नववं कलम गाळून. पुढच्या वर्षी निबंध छापून आला, त्याला बक्षीस मिळालं. एका मोठ्या दुकान कंपनीने गोडबोल्या घेतला, मानेसकट.

मावशीची बदली पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत झाली. शिक्षा म्हणूनच. तिथे ती नवख्यांना तार सोलायला शिकवायची. काकांकडे ती आणखी दोनदा गेली आणि मग जायची थांबली. का, ते तिने मला एकदा सांगितलं. "ते बोलायला लागले की शब्दांच्या आधी मला थरथर ऐकू येते. मी मोजायलाच लागते रे. घरी यजमानांचंही तसंच होतं. 'चहा घेतेस का' म्हणतात, आणि मी मधली थांबणी मोजत बसते."

मी विचारलं, "मग करतेस काय?"

"रेडिओ मोठा लावते," ती म्हणाली आणि तार सोलायची पक्कड शोधायला लागली.