त्रेसष्ट गेले, बासष्ट आले

गाड्यांचा वाराही न लागलेला रस्ता सापडला, ही बातमी माझ्या नवऱ्याने, निषादने, आमच्या सूसच्या सोसायटीत अशा थाटात सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, तो यानेच बांधलाय. माले गावाच्या वर डोंगरात उंबरमाळ नावाची दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथून खडी-मातीची बावीस किलोमीटरची वाट जंगलातून गोल फिरून पुन्हा वाडीवर येते. जाड टायरच्या सायकलींना असाच रस्ता लागतो म्हणे. एक हॉर्न नाही की धूर नाही. ही शांतता अनुभवायला आम्ही दर रविवारी टपावर सायकली बांधून एक्केचाळीस गाड्या घेऊन जायचो. हे मी निषादला एकदा बोलून दाखवलं, तर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

एवढ्या गाड्या वाडीच्या माळावर लावायच्या म्हणजे कुणीतरी बघायला हवं. म्हणून निषादने तिथल्या कोंडीबा ढेबे यांना नेमलं. पदाचं नाव मार्गरक्षक. काम इतकंच, की माळाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा बांधलेला लाकडी वासा सकाळी सोडायचा आणि आम्ही परतलो की पुन्हा सोडायचा. सोबत चकाकतं पिवळं जाकीट. कोंडीबा सत्तरीला टेकलेले, काटक, बोलायला कमी. ते जाकीट त्यांनी रविवारपुरतं ठेवलं नाही, सातही दिवस घातलं. झोपताना तेवढं काढतात, असं त्यांच्या बायकोने, लिलाबाईंनी मला सांगितलं, आणि हसता हसता डोळे पुसले.

त्याचं कारण असं. कोंडीबांनी चाळीस वर्षं म्हशी राखल्या, घरच्या आणि वाडीच्याही. सकाळी म्हशी रानात सुटताना एकेका म्हशीमागे एक खडा उजव्या खिशात टाकायचा, आणि संध्याकाळी परतताना एकेक खडा डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की जेवण. नाही झाला तर जेवण नाही, पुन्हा रान. चाळीस वर्षांत एकदाच ते खिशात खडा शिल्लक ठेवून झोपले. त्या म्हशीचं नाव ते अजून घेत नाहीत.

मग गुडघे गेले, म्हशी विकल्या, आणि माणूस मोकळा झाला. म्हणजे फुकट गेला. वाडीतल्या कोंबड्या मोजून झाल्या. पौडला भाच्याच्या लग्नात त्यांनी वऱ्हाड मोजलं आणि परतीचा टेम्पो पाऊण तास अडवला, कारण नवरदेवाचे एक काका कमी भरत होते. ते काका मुलीकडच्यांच्या पंगतीत दुसऱ्यांदा जेवायला बसले होते. पुढे मुलगा निलेश त्यांना सूसजवळच्या चांदे गावात घेऊन गेला. तिथे तो एका चौदा मजली सोसायटीत सिक्युरिटीला आहे. कोंडीबा फाटकापाशी बसून गाड्यांतून कामाला जाणारी माणसं मोजू लागले. अकराशे बारा गेली, अकराशे चार आली. ते रात्रभर जागे. दुसऱ्या दिवशी सव्वीस कमी, तिसऱ्या दिवशी तीन जास्त. चौथ्या दिवशी ते चेअरमनसाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तुमची माणसं कुठं हायेत म्हणून विचारू लागले. निलेशने त्यांना रातोरात नाही, पण सकाळच्या पहिल्या एसटीने वाडीवर आणून सोडलं. त्यानंतर त्यांचं खाणंपिणं कमी होत गेलं. ते आमच्या रविवारांनी पुन्हा सुरू झालं. आम्ही त्यांना मोजायला मिळालो होतो.

आम्हाला याचा पत्ता नव्हता. ते वाश्यापाशी बसून खिशात काहीतरी चाळवत असतात, एवढंच दिसायचं. मला वाटायचं तंबाखू असेल.

डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही अकराच्या सुमाराला फेरी पुरी करून आलो. सायकली टपावर चढल्या, इंजिनं सुरू झाली. कोंडीबा वासा सोडेनात. उलट त्याच्यावर बसले.

"त्रेसष्ट गेले. बासष्ट आले," ते निषादला म्हणाले. "येक कुटं हाय?"

निषादने हसून सांगितलं की मामा, तुमची मोजण्यात चूक झाली असेल. कोंडीबांनी खिशातून एक खडा काढून तळहातावर ठेवला आणि त्याच्यापुढे धरला. यावर आयटीतल्या माणसाने काय बोलावं?

मग कोण नाही ते शोधायला लागलो, आणि आमची खरी पंचाईत झाली. आमच्या ग्रुपवर दीडशे नावं आहेत, रोज सकाळी सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात, पण त्या दिवशी कोण परत आलेलं नाही हे कुणालाच सांगता येईना. डोकी मोजली तर एकदा एकसष्ट भरली, एकदा चौसष्ट. मोजणाऱ्या स्वरदाने स्वतःला दोनदा मोजलं. पाऊण तास असा गेल्यावर कोंडीबा वैतागले. निळ्या टोपीचं पोर, ते म्हणाले, डावा पाय जरा वढत चालतंय, खाली बघून हसतंय, त्ये न्हाई.

वेदांत. नांदेडचा पोरगा, हिंजवडीला नोकरी, सूसमध्ये अकराव्या मजल्यावर एकटा राहतो. तीन वर्षं आमच्यासोबत सायकल चालवतोय. ज्यांच्या गाडीतून तो आला होता त्यांना वाटलं, तो दुसऱ्या गाडीत बसला. तो डावा पाय ओढत चालतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वाडीवर मोबाइलला रेंज नाही. निषाद मागच्या टेकाडावर चढला आणि घामाघूम होऊन खाली आला. वेदांत घरी होता. अर्ध्या वाटेत चेन तुटली, म्हणून तो पलीकडच्या बाजूने रस्त्याला उतरला आणि एका टेम्पोत सायकल टाकून परस्पर गेला. जेवून झोपलाही होता. कुणाला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं.

सगळे हसले. पुन्हा इंजिनं सुरू झाली. कोंडीबा जागचे हलले नाहीत. घरी हाय असं तुमी सांगताय, ते म्हणाले. आत्तापतूर तुमाला नावसुद्धा ठावं नव्हतं.

एक वाजला. कुणाला विमानतळावर जायचं होतं, कुणाच्या मुलाचा वाढदिवस होता. शेवटच्या गाडीतल्या डॉक्टर बाईंना भुकेने चक्कर यायला लागली, तेव्हा लिलाबाईंनी त्यांना भाकरी आणून दिली. वाश्याची गाठ सोडून बघायला चौघेजण गेले. चौघेही इंजिनीअर. गाठ सुटली नाही. गाड्यांचा वाराही न लागलेल्या रस्त्यावर एक्केचाळीस गाड्या एकामागे एक उभ्या होत्या, आणि मागचे लोक पुढच्यांना हॉर्न देत होते.

शेवटी निषाद चिडला. "मामा, वासा सोडा. नाहीतर पुढच्या रविवारपासून कामाला येऊ नका."

लिलाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोंडीबांनी जाकीट काढलं. नीट घडी केली, त्यावरची धूळ झटकली आणि निषादच्या हातात दिली. मग ते पुन्हा वाश्यावर बसले. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची लाज वाटली.

निषाद मुकाट्याने पुन्हा टेकाडावर चढला. वेदांत आधी नाही म्हणाला, मग त्याने शिव्या दिल्या, आणि मग दुचाकी काढून निघाला. तो पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते. लाल डोळे, उलटा टीशर्ट, भांडायच्या पूर्ण तयारीत. कोंडीबांनी त्याला मनगट धरून उजेडाकडे वळवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाय बघितला. आणि सांगून जायला काय झालं होतं, तोंड न्हाई का तुला, म्हणून जनावराला दटावावं तसं दटावलं. मग खडा दुसऱ्या खिशात टाकून ते गाठ सोडायला वाकले.

वेदांतचा राग कुठे गेला कोण जाणे. हेल्मेट हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"मी आलोच नसतो तर?" त्याने विचारलं. "किती वेळ बसणार होता तुम्ही?"

कोंडीबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"तू येईस्तवर."

वासा निघाला. एक्केचाळीस गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले, पण वेदांत रस्त्याच्या मधोमध होता आणि हलत नव्हता. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. लिलाबाईंनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं, तेव्हा कुठे आम्ही निघालो.

आता ग्रुप दुसरीकडे जातो. ताम्हिणीकडे आणखी एक रिकामा रस्ता सापडलाय, तिथे कुणी मोजत नाही. वेदांतने ग्रुप सोडला. ते कुणाच्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

त्या रविवारी घरी पोचल्यावर मी निषादला विचारलं, मी परत आले नसते तर तुला कधी कळलं असतं? असं काय विचारतेस, तो म्हणाला, फोन केला असता ना. मी म्हटलं, किती वाजता? तो खरंच हिशेब करायला लागला. मग उठला आणि सायकल धुवायला गेला.