माझ्या नावची शेळी

"शेळी हटून बसली. पोरीच्या मागं येती म्हणं, तर मालक म्हनले, पोरीनंच आणून बांधावी."

आमची मेंढरं ज्यांच्या रानात चरत, त्या मालकाचा गडी आधी शेळी ओढून न्यायला आला होता; आता त्याने दारात उभं राहून हा निरोप सांगितला. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझी शेळी मीच त्यांच्या गोठ्यात नेऊन बांधायची. माझ्याच हाताने.

आमच्यात मुलीचं जावळ काढलं की मामा कळपात तिच्या नावाचं एक करडू सोडतो. त्याची पुढची करडंही तिचीच. आबासुद्धा मला विचारल्याशिवाय त्यातलं एकही पुसेगावच्या बाजाराला नेत नसत.

ती शेळी माझा धाकटा भाऊ सोपान हरला होता. सातवीतलं पोरगं. मालकाच्या मुलाच्या मोबाईलवर रंगांचा खेळ होता. लाल येणार का हिरवा, त्यावर पैसे लावायचे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या पोरांनी त्याच्याच मोबाईलवर खेळायचं आणि हरलं की त्यालाच द्यायचं. सोपान आधी खाऊचे पैसे हरला, मग आईची जोडवी. आणि मग बोलून बसला, आमच्या कळपातली कपाळावर चांद असलेली शेळी लावतो.

मी शेळी घेऊन गेले. मालकाच्या ओसरीसमोर सोपान कान धरून उभा होता. गावातली चार माणसं बघत होती. मालक त्यांना सांगत होता, "मेंढरामागची जात. जुगार रक्तातच हाय यांच्या." आणि त्याच दमात वळून आपल्या मुलाला म्हणाला, "जा रं लेकरा, जेवून घे."

खेळ एकच. मोबाईल त्यांचा. त्यांचं ते लेकरू आणि आमचा तो जुगारी.

मला वाटलं सोपान रडत असेल. जवळ जाऊन पाहिलं. हात कानाला, डोळे मालकाच्या मुलाच्या हातातल्या मोबाईलवर, आणि कानाशी त्याचा अंगठा आपोआप हलत होता. तेव्हा माझं काळीज फाटलं. शेळीसाठी नाही.

दोर हातातच होता. मी म्हणाले, "ही माझ्या नावची हाय. सोपानची न्हाई, आबाची बी न्हाई. त्याची नसलेली त्यानं लावली, तुमच्या पोरानं घेतली. शिक्षा द्यायची तर दोघांलाबी द्या, न्हाईतर दोघांलाबी जेवायला बसवा."

मी सोपानचा हात धरला. त्याने झटकला.

"सोड ताई. आता हिरवाच येनार हाय."

शेळी माझ्या मागं आली. सोपान आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मालकाच्या रानात आमची जनावरं चारायला बंदी झाली. आबा म्हणाले, जाऊन माफी माग, हातापाया पड. मी गेले नाही. आबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्याचं दुःख मला अजून आहे.

आता शाळा सुटली की मी त्या ओसरीवर जाते. समोर कोणीही बसलेलं असो. सोपानला ओढून आणते. तो चावतो, शिव्या देतो, रानातून निसटून परत तिथंच जाऊन बसतो. मी परत जाते. शेळी हाकेला मागं येते, लेकरू येत नाही. त्याला ओढूनच आणावं लागतं. मी आणणार. उद्या बाकीच्या पोरांच्या आयांनाही घेऊन जाणार, आणि मालकाच्या लेकराच्या हातातला तो मोबाईल सगळ्यांसमोर मागणार.