दाऊद मिस्त्रीची चूलगाडी

मी पडेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे गावानं माझ्यावर दोन कामं हक्कानं लादली होती. कुणाचा रेडिओ बिघडला की तो उघडून बघायचा, आणि कुणाला विंचू चावला की शास्त्रात काय लिहिलंय ते सांगायचं. मला दोन्हीतलं काही कळत नसे. त्यामुळे चौऱ्याहत्तर साली दाऊद मिस्त्री माझ्या दारात उभा राहून "मास्तर, लकडीवर मोटर चालवायची हाय, तुमचा हात लागंल," म्हणाला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो दार लावून घेण्याचा.

दाऊद तेव्हा साठीला टेकलेला होता. बारीक अंगाचा, थोडा वाकलेला, बारा महिने तोच खाकी शर्ट आणि खिशात एक पाना. निजामाच्या राज्यात तो मोटारींच्या एका डेपोत कामाला होता. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा बसच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या गॅसवर बस चालवायचे. त्या भट्ट्या बसवणाऱ्यांत हा एक. पोलीस ॲक्शननंतर त्याची नोकरी गेली. त्याबद्दल कुणी विचारलंच तर तो "राज गया, पाना रह गया" एवढं म्हणून खिशावर हात मारायचा आणि चहा मागवायचा. चहाचे पैसे अर्थात विचारणाऱ्यानं द्यायचे.

त्याच पान्यानं त्यानं कडूबाची पिकअप उभी केली होती. कडूबा म्हणजे माझा घरमालक. भाजीचा मळा, तीन बैल आणि एक पिकअप एवढा त्याचा पसारा. पिकअपचा सांगाडा लष्कराच्या लिलावातला, इंजिन दुसरीकडचं, आणि दारं दोन वेगळ्या गाड्यांची, एक हिरवं आणि एक निळं. दाऊदची बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यानं उभ्या केलेल्या बाकीच्या गाड्या एकेक करून मोडीत गेल्या होत्या. ही एकटी वीस वर्षं चालत होती. रोज सकाळी येऊन तो तिच्या बॉनेटवर हात ठेवायचा, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो, आणि मगच कामाला जायचा.

पेट्रोलचे भाव त्या वर्षी असे चढले की कडूबाचं गाडीवरचं प्रेम आठवड्याभरात उतरलं. एक बिडी तीनदा विझवून ओढणारा माणूस तो. "ही माझ्यापरीस जास्ती पिती," तो म्हणाला, "इकून टाकतो." घेणारा एकच होता, शहरातला रहीम भंगारवाला, आणि तो गाडी वजनावर घ्यायचा.

दाऊदला हे अंगणातच कळलं. तो गाडीजवळ गेला आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाला, "आठ दिवस दे कडूबा. लकडीवर चालवून दाखवतो."

"आन नाय चालली तर?"

"तर मीच खोलून रहीमला देईन. एक एक बोल्ट."

बोलताना त्याचा हात बॉनेटवरच होता. मला ते बघवलं नाही, आणि तिथून तो थेट माझ्या दारात आला तेव्हा नेमका त्याच दुबळ्या क्षणी मी मदतीला हो म्हणून बसलो.

कडूबानं अट घातली. बाजाराच्या दिवशी भाजी भरून पडेगावहून निघायचं आणि दौलताबादचा घाट चढून खुलताबाद गाठायचं. घाटात थांबली तर तिथूनच गाडी रहीमची. रहीम म्हणाला, मी संगंच येतो, म्हणजे पुन्हा खेप नको.

दाऊदनं पिकअपच्या हौद्यात, केबिनला लागून, एक मोठं लोखंडी टिपाड उभं केलं. आत विटांची भट्टी, पोटावर हवा आत जायला सभोवती पाच भोकं, वर घट्ट झाकण. लाकूड पुरतं जळू द्यायचं नाही, हवा अगदी मोजकी द्यायची. मग जो गॅस निघतो तो नळ्यांतून थंड करायचा, नारळाचा काथ्या भरलेल्या डब्यातून गाळायचा आणि इंजिनात सोडायचा. पेट्रोलच्या जागी तो पेटतो. हे मी इथं चार वाक्यांत सांगितलं. दाऊदनं मला आठ दिवसांत ते एकदाही सांगितलं नाही. माझ्या हातात लोहाराकडचा, हातानं फिरवायचा पंखा दिला आणि म्हणाला, "फिरवा मास्तर."

मी फिरवला. हा गॅस विषारी असतो, असं मी फिरवता फिरवता बजावलं. तर म्हणाला, "लढाईत चार साल हुंगला. भूक लई लागते." माझ्या अर्ध्या भुवया जळाल्या. त्याच आठवड्यात वर्गात 'ज्वलन' हा धडा आला. माझा कुठलाही धडा मुलांनी इतका टक लावून बघितला नव्हता.

पण गाडी काही धड चालेना. इंजिन दहा ठोके मारायचं, खोकायचं आणि फाट् करून गप्प व्हायचं. टिपाड जुनं होतं, सांध्यांना फटी होत्या, आणि नको तिथून हवा आत शिरून गॅस आतल्या आतच जळून जात होता. दाऊद सांधे बोटांनी चाचपायचा, कुठं सुतळी कोंबायचा, कुठं साबण. एक फट बुजवली की दुसरी फुसफुसायची. त्याला फटी दिसत नव्हत्या, हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तो चहाची बशी धरायचा आणि ओतायचा बशीच्या बाहेर. "मिस्त्री, डोळे दाखवून या," म्हटलं तर माझ्यावरच भडकला. "उजेड कम हाय इथं," म्हणाला. दुपारचे बारा वाजले होते.

कडूबाची बायको द्वारकाबाई हे सगळं ओट्यावरून बघत होती. तिच्या सरपणातली वाळकी बाभूळ रोज मुठीएवढे तुकडे होऊन टिपाडात जात होती, त्यामुळे तिचं बारीक लक्ष होतं. "येवढी मोठी चूल मांडली," ती एकदा म्हणाली, "आन तिला ना हळद ना कुंकू." तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही, आणि मी तर विज्ञानाचा मास्तर.

आठव्या दिवशी संध्याकाळीही इंजिन खोकतच होतं. "उद्या चालेल का?" मी विचारलं. एरवी "चालंल की" म्हणणारा दाऊद तेव्हा "अल्ला जाने" म्हणाला आणि पाना खिशात घालून घरी गेला.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही जमलो. रहीम दोरखंड आणि एक जाड सळई घेऊन वेळेवर हजर होता. त्या सळईनं तो पोत्यातलं भंगार ढोसून बघायचा. टिपाड मला पिवळसर, गुळगुळीत दिसलं आणि त्यावर कुंकवाची बोटं दिसली. मला वाटलं, शेवटचं म्हणून दाऊदनं रंग दिला असेल. दाऊद केबिनच्या बाजूनं चढला, वरून निखारे आणि लाकडं टाकली, झाकण आवळलं. मी पंखा फिरवला. कडूबानं चावी फिरवली.

इंजिन लागलं, आणि खोकलं नाही.

दाऊदनं कान टवकारले. दहा ठोके झाले, वीस झाले, शंभर झाले. आम्ही एकमेकांकडं न बघता गाडीत बसलो, न जाणो बघितलं तर बंद पडायची. कडूबा चालवायला, दाऊद त्याच्या शेजारी, आणि मागं फुलकोबीच्या ढिगाऱ्यावर मी, रहीम आणि भाजी विकायला निघालेली द्वारकाबाई. वाटेतल्या मिटमिटा गावाला लोक रस्त्यावर येऊन बघत होते. एका म्हाताऱ्यानं हात करून विचारलं, आंघोळीचं पाणी मिळंल का. दौलताबादेपर्यंत रहीमचा चेहरा पार उतरला होता, त्याची खेप फुकट जायची लक्षणं होती.

घाट लागला. पहिलं वळण गाडीनं घेतलं. दुसऱ्या वळणावर तिचा दम तुटायला लागला, ठोके लांबले, आणि बरोबर चढाच्या मध्यावर ती थांबली. मी उडी मारून चाकाखाली दगड लावला. रहीम खाली उतरला. वाईट माणूस नव्हता तो. "माफ करना चाचा," म्हणाला आणि हलक्या हातानं मडगार्ड वाजवून पत्रा किती जाड आहे ते बघायला लागला.

दाऊद उतरला, खिशातून पाना काढला, पुढं गेला आणि बॉनेटचा पहिला बोल्ट खोलायला लागला. त्यानं शब्द दिला होता. बोल्ट बोटांनी शोधत होता, पाना दोनदा घसरला. कडूबा दुसरीकडं तोंड करून बिडी शोधत होता.

मला रागच आला. गाडीचा, दाऊदचा, पेट्रोलचा, माझ्या भुवयांचा. "अहो, भट्टी तरी बघा एकदा!" मी ओरडलो.

"आठ दिवस बघितली," दाऊद म्हणाला.

मग मीच टिपाडाजवळ गेलो. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. "मिस्त्री," मी म्हणालो, "भोकं किती होती?"

"पाच."

"दोनच आहेत. केबिनच्या बाजूची."

दाऊद पाना घेऊन तसाच मागं आला. टिपाड तापलेलं होतं, म्हणून त्यानं मागोमाग आलेल्या कडूबाच्या धोतराचा सोगा ओढला, तो बोटांना गुंडाळला आणि टिपाडावरून हात फिरवला. सगळीकडं गुळगुळीत. "ये किसने लीपा?" त्यानं विचारलं.

"मी," फुलकोबीतून द्वारकाबाई म्हणाली. "पहाटं उठून सारवली. नवी चूल सारवल्याबिगर पेटवत्यात व्हय? आन फटी तरी किती! बोट जाईल येवढाल्या. शेणमातीत भुसा घालून समद्या बुजवल्या. केबिनच्या मागं माझा हात पुरला नाय, तेवढं राहिलं बघा." राहिलेल्या कामाची तिला खरंच लाज वाटत होती.

कडूबानं कपाळावर हात मारला. दाऊदनं मात्र हळूच विचारलं, "भाभी, किती फटी होत्या?"

"आसतील सतरा-अठरा. मोजत बसते का मी?"

दाऊद रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि हसायला लागला. आठ दिवस जे त्याला सापडलं नव्हतं ते तिनं चूल आवरता आवरता बुजवून टाकलं होतं, म्हणून तर गाडी न खोकता इथवर आली होती. आणि त्याच भरात हवेची तीन भोकंही लिंपून टाकली होती. सपाटीला दोन भोकं पुरली, चढाला पुरेनात.

"रहीम, तेरी सळई दे," दाऊद म्हणाला.

रहीमनं दिली. बिचाऱ्याला कळत होतं की आपण आपल्याच हातानं गाडी घालवतोय, पण चाचाला नाही म्हणणं त्याच्या जिभेवर आलं नाही. तिन्ही भोकं मोकळी झाली. मी पंखा असा फिरवला की खांद्यातून कट्कट् आवाज यायला लागले. इंजिन लागलं, गुरगुरलं, आणि कडूबानं गिअर टाकताच गाडी अशी निघाली की रहीम दोरखंडासकट रस्त्यावरच राहिला. त्याला पुढच्या वळणापर्यंत पळत यावं लागलं, कारण थांबायची कडूबाची हिंमत होत नव्हती.

वर खुलताबादच्या वेशीशी गाडी उभी केली. दाऊद द्वारकाबाईसमोर येऊन म्हणाला, "भाभी, तीन छेद चुकले. बाकी सब बराबर." मग जरा थांबून, आमच्यापैकी कुणाकडंही न बघता म्हणाला, "मला दिसत नाय आता."

"मग सांगायचं की भाऊ," द्वारकाबाई फुलकोबीची पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "मी हाय ना."

त्यानंतर चार वर्षं गाडी लाकडावर चालली. दर बाजाराच्या दिवशी पहाटे द्वारकाबाई टिपाड सारवायची. त्याआधी दाऊद बोटांनी चाचपून पाचही भोकांत एकेक गाजर खुपसून ठेवायचा, म्हणजे ती लिंपली जायची नाहीत. गाडीपायी पाच गाजरं जातात म्हणून कडूबा दर वेळी कुरकुरायचा. सारवून झालं की दाऊद ती उपटायचा, शर्टाला पुसायचा आणि दोन मला द्यायचा. आता सांगायला हरकत नाही, शेणाचा वास असायचा त्यांना, पण मी खायचो. रहीमही बाजाराला आमच्याबरोबरच यायला लागला होता. म्हणायचा, कधी थांबली तर मी असलेलं बरं.

चौथ्या थंडीत दाऊद झोपेतच गेला. त्याला खुलताबादला न्यायचं होतं, त्याचे आईबाप तिथल्या कब्रस्तानात होते. सकाळी गाडी कडूबाच्या अंगणात उभी होती. मी सवयीनं हौद्यात चढलो, पंख्याच्या दांड्याला हात घातला. द्वारकाबाईनं माझं मनगट धरलं. घरातली तिची चूल थंडच होती, आणि कडूबासुद्धा चहाशिवाय बसून होता.

"आज ही बी पेटवायची नाय, मास्तर," ती म्हणाली. "घरातलं माणूस गेलंय."

कडूबा उठला आणि डबे घेऊन पंपावर जाऊन आला. आल्यावर त्यानं टाकी काठोकाठ भरली. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

आम्ही निघालो. टिपाडातून धूर निघत नव्हता, आणि मिटमिट्याला गाडी कुणी ओळखली नाही. दौलताबाद मागं पडलं. घाटातलं दुसरं वळण आलं तेव्हा रहीम माझ्या शेजारी डोळे पुसत म्हणाला, "चाचा असते तर शिव्या दिल्या असत्या. म्हणाले असते, कितना पेट्रोल फूंक रहा रे."

केबिनच्या मागची खिडकी उघडी होती. "जळू दे," कडूबा म्हणाला, आणि गाडी दमानं वर घेत राहिला.